साहेबाच्या डोळ्यातलं पाणी आणि एक मेहतर

मिशनरी रडतो हे मला मान्य आहे. तो नाटक करतो असं मी म्हणणार नाही. जे म्हणतात त्यांच्याशी आपलं भांडण वेगळं आहे, ते पुढं येईलच. आज बोलायचं ते ह्या रडण्याबद्दल. दोनशे वर्षं झाली, ह्या देशात आलेल्या पाद्र्यांच्या, मडमांच्या, नर्सबायांच्या दुःखाची पुस्तकं निघताहेत. चरित्रं, पत्रं, रोजनिशा, आठवणी. घर सुटलं. पोरं मेली. भाषा जमेना. उन्हानं डोकं फिरलं. दारात मागणाऱ्यांची रांग, कुणाला द्यावं कुणाला नाही. दहा वर्षं राबून बाप्तिस्मे तीन, त्यातला एक पळून गेला. आता तर ह्या सगळ्याला शास्त्रीय नावं मिळालीत. दया करून करून माणूस दमतो, त्याचं मन जळून कोरडं पडतं, त्यावर शिबिरं होतात, समुपदेशक मिळतात, सक्तीची रजा मिळते. गरीब देशात काम करणाऱ्यानं आपलं मन कसं सांभाळावं ह्याच्या पुस्तिका निघतात.

मी ह्यातलं बरंच वाचलं. आपल्यातले काही दोस्त विचारतात, कशाला वाचतोस हे असलं? वाचतो, कारण ह्या पुस्तकांत आमची वस्ती आहे. महारवाडा आहे, मांगवाडा आहे, दुष्काळ आहे, महारोगी आहे, उघडी पोरं आहेत. फक्त आमचं मन नाही. मन सगळं साहेबाचं. आम्ही त्याच्या दुःखाचं कारण आहोत, दुःख करणारे नाही.

विल्यम कॅरी घ्या. इंग्लंडात जोडे शिवणारा माणूस. आपल्या हिशेबानं चांभार. (तिथला चांभार पंडित होऊन दहा भाषांचे छापखाने चालवतो आणि इथल्या चांभाराच्या पोरानं शाळेची पायरी चढली तर गाव पेटतं. तुलना ज्यानं त्यानं करावी.) १७९३ साली तो बायकापोरांसकट बंगालमध्ये आला. बायको डोरोथी यायला राजी नव्हती, कशीबशी आणली. १७९४ साली मुदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर असताना त्यांचा पाच वर्षांचा पीटर आजारात गेला. डोरोथीचं डोकं त्यानंतर बिघडलं ते पुन्हा जाग्यावर आलं नाही. वर्षानुवर्षं तिला खोलीत कोंडून ठेवावं लागलं, आणि १८०७ साली श्रीरामपूरला ती मेली. श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे. ह्याच काळात, १८०५ साली, कॅरीनं मराठी भाषेचं व्याकरण छापलं. वैजनाथ पंडित त्याच्या मदतीला होते. आपल्या भाषेचे प्रत्यय आणि विभक्त्या ज्या घरात मांडल्या गेल्या त्या घरात एक बाई कोंडलेली होती. आमच्या मराठीच्या प्राध्यापकांना व्याकरणाचं साल पाठ असतं. बाईचं नाव विचारून बघा.

पण मला डोरोथीच्याही पलीकडं जायचंय. पोरगं मेलं त्या दिवशी काय झालं ते कॅरीनंच लिहून ठेवलंय. जातीच्या भीतीनं कुणी हात लावेना. खड्डा खणायला चार गरीब मुसलमान कसेबसे तयार झाले. प्रेत उचलायला मात्र माणूस मिळेना. सात-आठ मैलांवर धाडून पाहिलं, नाही. शेवटी नवराबायकोनं आपणच उचलायचं ठरवलं. तेव्हा दोघेजण पुढं आले. एक, त्यांच्याच घरचा संडास साफ करणारा मेहतर. दुसरा, जात गेलेला एक पोरगा. त्या दोघांनी पीटरला नेलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर बंदोबस्त केला.

आता थांबा इथं. चरित्रकार इथं थांबत नाहीत. ते म्हणतात, बघा हिंदूंचा जातिभेद किती निर्दय, आणि कॅरीनं तो कसा सोसला. खरंय, निर्दयच. आणि पुढं श्रीरामपूरच्या मिशननं आपल्या मंडळीत जात पाळू दिली नाही, हेही कॅरीच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण मला तो मेहतर पाहिजे. त्याचं नाव काय? तो त्या पोराला रोज बघत होता. पोरगं अंगणात खेळताना हा पाठीमागून घाण घेऊन जात असणार. ते मेलेलं पोरगं हातात घेतलं तेव्हा ह्याच्या पोटात काय झालं? ह्याची स्वतःची किती मेली होती? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संडास कुणी साफ केला? मला विचाराल तर त्यानंच. बापाचा शोक इतिहासात गेला. आईचं वेड उशिरा का होईना पुस्तकात गेलं. ज्याच्या हातांवरून ते पोरगं गेलं तो 'मेहतर' ह्या एका शब्दावर संपला.

गरीब देशातल्या मिशनरी कामाची मानसिक अडचण म्हणतात ती मला इथून सुरू झालेली दिसते. उन्हामुळं नव्हे, कॉलऱ्यामुळं नव्हे. ज्याच्यासाठी आलो त्याच्या खांद्यावर आपलं दुःख टाकता येतं, पण त्याच्याशेजारी बसून ते रडता येत नाही. मध्ये नोकर-मालकाची भिंत आहे, वर धर्माचा रंग. ह्या भिंतीमुळं साहेब एकटा पडतो आणि मग घरी पत्र लिहितो की मी एकटा पडलो.

आपल्याकडं या. अमेरिकन मराठी मिशन. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना हाकलायला बसलं होतं. हॉल १८२६ साली नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना कॉलऱ्यानं मेला. १८२७ च्या शेवटी सिंथिया फरार नावाची एक बिनलग्नाची अमेरिकन बाई मुंबईत आली, पुढं अहमदनगरला गेली, पोरींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली तिथंच मेली. कौतुक वाटतं. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि पुण्यात काय करायचं ते त्यांच्या डोक्यात पक्कं झालं. हे ऋण आम्ही नाकारत नाही. ज्या गावात आमच्या सावलीचा विटाळ होत होता तिथं कुणीतरी पाटी-पेन्सिल घेऊन दारात उभं राहिलं हे विसरणारा कृतघ्न म्हणावा लागेल.

पण ह्या कामात राबलं कोण? साहेब बंगल्यात, पाचदहा तालुक्यांचा मालक. गावोगावचे महार-मांग शिक्षक, उपदेशक आणि बायबलबाया हे काम ओढत होते. बायबलबाई म्हणजे कोण ते आजच्या पोरांना सांगायला हवं. बाप्तिस्मा घेतलेली बाई, बऱ्याचदा विधवा, पोथीची पिशवी काखेत मारून गावं पालथी घालायची, बायकांना वाचून दाखवायची, गाणी म्हणायची. मराठ्याच्या आळीत गेली तर उंबऱ्याबाहेर, कारण बाप्तिस्मा झाला तरी महारीणच. महारवाड्यात गेली तर बाटगी. मिशनच्या आवारात गेली तर बाईसाहेबांच्या पुढं जमिनीवर. म्हणजे तिन्हीकडनं बाहेर. ह्याच्यापेक्षा मोठं एकटेपण मला कुणी दाखवा. साहेबाला एकटं वाटलं की उन्हाळ्यात महाबळेश्वर होतं, दक्षिणेत कोडईकनाल होतं. तिथं थंड हवेत त्याच्यासारखेच चार गोरे भेटायचे, चहा व्हायचा, प्रार्थना व्हायची, मन हलकं व्हायचं. बायबलबाईचं महाबळेश्वर कुठं होतं? तिनं रात्री मन हलकं करायचं ते चुलीच्या धुरात. साहेबाच्या पोरांना शिकायला विलायत-अमेरिकेला धाडताना आईचं काळीज फाटायचं, हे पानोपानी वाचायला मिळतं. फाटत असणारच. सात वर्षांचं पोर बोटीवर बसवून द्यायचं आणि पुन्हा बघायचं तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं, हे सोपं नाही. पण ते पोर ज्या आयाच्या हातावर वाढलं त्या आयाचं काय झालं बोट सुटल्यावर? ती बाईही घाटावरच कुठंतरी उभी असेल ना.

पैशाबद्दलही बोलू. गोऱ्या मिशनऱ्याचा पगार आणि इथल्या उपदेशकाचा पगार ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, आणि देणारा हात एकच. ज्याच्या हातात तुमची भाकर आहे त्याच्यापुढं मन कसं उघडणार? मनात शंका आली, देव आहे की नाही असं वाटलं, तर साहेब ते डायरीत लिहू शकतो, तो शोधक ठरतो. उपदेशकानं बोलून दाखवलं तर दुसऱ्या महिन्यात त्याची शाळा दुसऱ्याला. म्हणजे शंका घेण्याचीसुद्धा ऐपत लागते.

मदर तेरेसांचं बघा. १९७९ साली नोबेल, २०१६ साली संतपद. त्या गेल्यावर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खाजगी पत्रं छापली गेली. जवळजवळ अर्धं शतक आत अंधार होता, देव जाणवत नव्हता, प्रार्थना कोरडी होती. पत्रं नष्ट करा असं त्या सांगून गेल्या होत्या, ते ऐकलं गेलं नाही. जगानं वाचलं आणि म्हटलं, केवढी मोठी साधना! मी वाचून हसलो नाही. म्हातारी आतून खाली झाली होती आणि तरी उठून कामाला जात होती, त्यात काहीतरी आहे. पण कालीघाटच्या त्या घरात १९५२ पासून जे खाटांवर येऊन मेले, त्यांच्याही आत अंधारच असेल की. त्यांना कोलकत्याच्या फुटपाथवर आणून कुणी टाकलं, कोणत्या जमीनदारानं, कोणत्या बंद पडलेल्या गिरणीनं, कोणत्या जातीनं, हा प्रश्न त्या दयेनं विचारलाच नाही. तो विचारला असता तर अंधार गेला असता असं मी छातीठोक सांगत नाही. पण अंधारात निदान शत्रू तरी दिसला असता. ज्याला शत्रू दिसतो तो नुसता खचून बसत नाही, हे आपण नामांतराच्या वेळी पाहिलंय. १९७८ पासून १९९४ पर्यंत घरं जळाली, माणसं कापली गेली, लोक रडले आणि पुन्हा मोर्चात आले.

आता दुसरी गोष्ट, ह्या दुःखाच्या बाजाराची. मिशनचा पैसा तिकडच्या चर्चमधून यायचा. देणाऱ्याला काय पाहिजे? चांगली बातमी. अमुक गावात इतके तरले, तमुक मूर्तिपूजकानं मूर्ती फेकली. एमी कारमायकेल नावाची आयरिश बाई १८९५ साली तामिळ मुलुखात आली आणि १९५१ साली मरेपर्यंत परत गेली नाही. तिनं जे दिसलं ते लिहून धाडलं. जात हलत नाही, काम पुढं सरकत नाही, पोरी देवळात सोडल्या जातात आणि आपल्या हातात काही नाही. तर हस्तलिखित परत आलं. फार निराश करणारं आहे म्हणे, जरा उत्साहाचं लिहा. पुस्तक शेवटी १९०३ साली निघालं, नावच 'गोष्टी आहेत तशा' अशा अर्थाचं. म्हणजे मिशनऱ्याला रडायचीसुद्धा परवानगी मापात. थोडं रडा, म्हणजे वर्गणी येते. फार रडू नका, वर्गणी आटते. असं खरं दाबून दाबून लिहावं लागलं की कुणाचंही डोकं फिरेल. ह्या बाबतीत मिशनरी आणि आमचा उपदेशक एकाच चरकात होते, फक्त एक वरच्या बाजूला, एक खाली.

आणि दुष्काळ. १८७६ ते ७८ चा. दख्खनमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्या काळात आणि त्यानंतर नगर जिल्ह्यातले महार-मांग मोठ्या संख्येनं मिशनकडं आले. इथं मिशनऱ्याच्या मनाला एक किडा लागला. हे भाकरीसाठी आले की ख्रिस्तासाठी? इंग्रजीत अशा लोकांना तांदळाचे ख्रिस्ती म्हणून हिणवायचे. साहेबाला झोप येईना, आपण आत्मे मिळवले की नुसती पोटं? च्यायला, ह्या प्रश्नाचा मला जेवढा संताप येतो तेवढा कशाचाच येत नाही. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एक गोरा भेटला, त्यानं नवा करार हातात दिला, १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. ही सत्याची तळमळ. मान्य, माणूस मोठा होता. आणि त्याच जिल्ह्यातला महार, ज्याला हजारो वर्षं देवळाच्या बाहेर ठेवलं, पाण्याच्या बाहेर ठेवलं, दुष्काळात ज्याच्या वाट्याला मेलेलं ढोरसुद्धा उरलं नाही, तो ज्यानं घोटभर पेज दिली त्याच्या देवाकडं गेला तर ती लाचारी? अरे, जो देव भाकर देत नाही त्याला सोडून जो देतो त्याच्याकडं जाणं ह्याच्यापेक्षा शुद्ध धर्मविचार कोणता? ख्रिस्तानंच पाच भाकऱ्यांत लोकांना जेवू घातलं म्हणतात ना? तेव्हा त्यानं कुणाला विचारलं होतं, भूक आहे म्हणून आलास की श्रद्धा आहे म्हणून?

टिळकांचीच पुढची गोष्ट सांगतो. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. परक्याच्या पैशावर आणि परक्याच्या चाकोरीत ख्रिस्त सांगणं त्यांच्या मनाला टोचत होतं. टोचलं आणि सोडलं. त्यांच्यामागं नाव होतं, कविता होती, लक्ष्मीबाईंसारखी बायको होती. नेवाशा-राहुरीकडच्या खेड्यातल्या महार मास्तरला तेच टोचत असेल तर तो काय सोडणार आणि कुठं जाणार? परत येसकरकीला?

आता जोतीरावांकडं येतो, कारण त्यांनी काय केलं ते आपल्या कामाचं आहे. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांशी त्यांची दोस्ती होती. पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि कुणाची दयाही घेतली नाही. शाळा घेतली, हक्काची भाषा घेतली. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो छापला कुणी? मिशनच्याच 'ज्ञानोदय'नं. हे त्यांच्या खात्यावर जमा धरा, मी काटणार नाही. त्या निबंधात पहिल्यांदा आमचं दुःख आमच्या तोंडानं बोललं, साहेबाच्या पत्रातनं नव्हे. सांगतात की एका गोऱ्या साहेबानं खूश होऊन तिला खाऊ दिला तेव्हा ती म्हणाली, खाऊ नको, लायब्ररी द्या. ह्यावर साहेबाला काय वाटलं असेल? मला वाटतं त्याला थोडं वाईट वाटलं असेल. आपण प्रेमानं दिलं आणि पोरगी भलतंच मागते. मिशनऱ्यांच्या पुस्तकांत 'कृतघ्नता' हा शब्द फार येतो, आम्ही इतकं केलं आणि हे लोक उलटले. त्यातल्या निम्म्या वेळी समोरच्यानं फक्त लायब्ररी मागितलेली असते.

बाबासाहेबांनी हे सगळं थंड डोक्यानं तपासलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं ते म्हणाले तेव्हा सगळ्या धर्मांच्या दुकानांत लगबग उडाली. पिकेट, स्टॅन्ले जोन्स असे मोठे मोठे मिशनरी त्यांना भेटले. आशा लागली, मग अपेक्षाभंग झाला. तोही त्यांच्या दुःखाच्या वहीत गेला. पण बाबासाहेबांचे अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे लेख वाचा, सरकारनं १९८९ साली काढलेल्या पाचव्या खंडात आहेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मिशननं शाळा-दवाखान्यांवर जो पैसा ओतला त्याचा फायदा जास्त करून उच्चवर्णीय हिंदूंनी उचलला. धर्मांतर केलेल्या अस्पृश्याची जात चर्चमध्येही टिकली आणि त्याच्या नागरी हक्कांसाठी लढायला कुणी उभं राहिलं नाही. पापाची चिंता पुष्कळ झाली, पाटलाची झाली नाही. अस्पृश्याला आत्म्याच्या शांतीइतकीच पाणवठ्याची गरज होती आणि पाणवठ्यावर जायचं तर मार खावा लागतो. महाडला १९२७ साली तो मार आम्ही खाल्ला. त्या तळ्यावर साहेब आमच्या शेजारी मार खायला असता तर त्याचं एकटेपण त्याच दिवशी संपलं असतं.

हे बाहेरच्यांनीच म्हटलं असं नाही. १९१० साली एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. तिथं अझरिया नावाचा तामिळ ख्रिस्ती उभा राहिला. नाडार जातीचा, ज्यांना पूर्वी शाणार म्हणून हिणवायचे. सगळ्या गोऱ्यांच्या तोंडावर त्यानं सांगितलं की तुमचा त्याग, तुमचं दान, तुमचे कष्ट आम्हाला मान्य, पण आम्हाला दोस्ती पाहिजे. सभेत चुळबूळ झाली. दोन वर्षांनी त्याला दोर्नकलचा बिशप केला, पहिला हिंदी अँग्लिकन बिशप. पद दिलं. दोस्तीचं काय झालं ते पुढच्या पन्नास वर्षांतल्या बंगल्यांनी सांगितलं.

इथवर वाचून काही चड्डीवाले खूश झाले असतील. त्यांना आधीच सांगतो, खूश होऊ नका. तुमच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्याची दोन पोरं, दहा वर्षांचा आणि सहा वर्षांचा, गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली. हा माणूस १९६५ पासून बारिपद्याला महारोग्यांत काम करत होता. ज्यांच्या जखमेला हात लावायला तुमच्या धर्माला हजारो वर्षांत फुरसत झाली नाही त्यांना ह्यानं धुतलं. त्याची बायको ग्लॅडिस हिनं मारेकऱ्यांना माफ केलं आणि २००४ पर्यंत तिथंच काम केलं. मी तिच्या जागी असतो तर माफ केलं नसतं, हे मी स्पष्ट सांगतो. तिच्यापुढं मान खाली घालतो एवढंच. दयेवर आमची टीका आहे ती बरोबरी पाहिजे म्हणून. तुमची टीका आहे ती महार-मांग-पाण हातचे जातात म्हणून. ह्या दोन टीका एका ताटात जेवू शकत नाहीत.

पण त्याच ओडिशात २००८ साली कंधमाळ झालं. मेले कोण? पळाले कोण? बहुसंख्य पाण जातीचे दलित ख्रिस्ती आणि कंध आदिवासी. हजारो लोक जंगलात, मग छावण्यांत. स्टेन्सचं नाव जगाला पाठ आहे, असावंच. कंधमाळमध्ये जाळलेल्या एका पाण पाद्र्याचं नाव सांगा. तोही मिशनरीच होता की. त्याचंही गरीब देशातच काम चाललं होतं. फक्त तो गरीब देश त्याचा स्वतःचा होता, परतीचं तिकीट नव्हतं. त्याच्या बायकोनं माफ केलं की नाही हे विचारायला कुणी माईक घेऊन गेलं नाही. आणि आपलं सरकार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची यादी हिंदूंपुरती बांधली. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर. चर्चमध्ये तो महार, कचेरीत तो ख्रिस्ती. मारताना पुन्हा महार.

आता जरा आपल्या घरात बघू, कारण साहेब गेला तरी त्याची खुर्ची इथंच आहे. आमच्या वस्तीत एका ख्रिस्ती संस्थेची बालवाडी होती. परदेशातनं पोरी यायच्या, सहा महिने, वर्ष. त्यातली एक, असेल बावीसची, एका दुपारी नळाच्या कठड्यावर बसून ढसाढसा रडायला लागली. बालवाडीतलं एक पोरगं त्या आठवड्यात काविळीनं गेलं होतं. पोराची आई धुणं टाकून आली, हिच्या पाठीवरनं हात फिरवत बसली, शेजारणीनं चहा आणला. जिचं पोर गेलं ती समजूत घालतेय आणि जिला विमान आहे ती रडतेय. मला त्या पोरीचा राग आला नाही. कोवळी होती, दुःख खरं होतं. पण संध्याकाळी ती गेल्यावर ती आई एकटीच उरलेलं धुणं धूत होती, आणि तिच्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही. माझ्यासकट सगळे आपापल्या कामाला लागले होते. गरिबाच्या डोक्यावर हेही एक काम असतं, आपल्यावर दया करायला आलेल्याचं मन सांभाळायचं. त्याचा पगार नाही.

आणि आज हे फक्त गोऱ्या पोरी करतात असं समजू नका. आपल्यातलेच शिकलेले पोरं-पोरी संस्थांत लागलेत, प्रकल्प चालवतात. वस्तीत येतात, सर्वे करतात, फोटो काढतात, रडक्या पोराचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर. मग तीन वर्षांत थकतात. म्हणतात, दादा, मन भरून आलं, काहीच बदलत नाही. मी म्हणतो, काय बदलायला गेला होतास? रेशनच्या दुकानावर मोर्चा नेलास? गटारात उतरून मेलेल्याच्या भरपाईसाठी कचेरीत बसलास? त्याची बायको तुझ्याबरोबर बसली? ती बसली असती तर तू थकला असतास, पण असा नाही. बरोबर चालून पाय दुखतात ते वेगळं, आणि वरनं वाकून वाकून कंबर मोडते ते वेगळं.

तेव्हा ह्या अंकाच्या वाचकांकडं माझं एक मागणं आहे. नगर, जालना, सोलापूर, मिरज, ह्या सगळ्या भागांत जुन्या ख्रिस्ती वस्त्या आहेत. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी मांगांसाठी वसवलेलं बेथेल आहे. तिथं अजून अशी माणसं भेटतील ज्यांची आजी बायबलबाई होती, ज्यांचा आजा मिशनचा मास्तर होता, ज्यांची आई बंगल्यावर आया होती. आपण बौद्ध झालो म्हणून ती माणसं परकी झाली नाहीत, एकाच वाड्यातनं दोन वाटांनी निघालेली आहेत. मोबाईल सगळ्यांकडं आहे, बोलणं टेप करा. पहिल्यांदा नाव लिहून घ्या, पूर्ण नाव, बापाचं, गावाचं. मग विचारा. आजी पायी किती गावं करायची? पगार किती, कुणाच्या हातनं? साहेब रडायचा तेव्हा ती काय करायची? ती स्वतः कुठं बसून रडायची? कुणाला सांगायची? तिला कधी वाटलं का, की हे सगळं फेकून द्यावं?